एक्केचाळीस वेळा ‘येतो’

“आधी पूस, मग शीव. मळ आत ठेवून शिवलेलं पुस्तक म्हणजे पू आत ठेवून शिवलेली जखम. कळलं का गं पोरी?”

बांधणीचं काम शिकवणाऱ्या मास्तरांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, तरी खोडरबर हातात घेतलं की हा आवाज मावशींच्या कानाशी यायचाच. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथं पुढच्या दालनातली कुजबुजसुद्धा पोचत नसे, तिथं त्या सत्तावीस वर्षं फाटकी पुस्तकं सांधत बसल्या होत्या. पूर्वेला एक खिडकी, खिडकीखाली लांबलचक टेबल, टेबलावर पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, दोऱ्याची रिळं, दाभण आणि वाडग्यात रोज सकाळी ताजी शिजवलेली पिठाची खळ. ती खळ त्यांच्या नखांत, बाहीवर, चष्म्याच्या काडीवर कुठं ना कुठं लागलेली असायचीच. म्हणून वाचनालयात येणाऱ्या पोरींनी त्यांचं नाव खळमावशी ठेवलं होतं, आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं. “नायिका व्हायचं वय गेलं,” त्या म्हणायच्या, “आता खळनायिका तर खळनायिका.”

एवढी थट्टा सोडली तर त्यांचं बोलणं कमीच. देवाचं नाव घेऊन टेबलाला हात लावायचा, पहिल्या पुस्तकाचा पहिला टाका पडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा रोजचा नेम. आणि दुसऱ्याची चिठ्ठीचपाटी वाचायची नाही, हा दुसरा. पुस्तकांत काय काय सापडतं! केसांची पिन, वाळलेलं पान, बसचं तिकीट, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद, कुणाकुणाच्या चिठ्ठ्या. ते सगळं त्या घडी न उलगडता एका पत्र्याच्या डब्यात टाकत. ज्याचं असेल तो येईल, घेऊन जाईल. आजवर कुणी आलं नव्हतं. टेबलावर आलेली पुस्तकंही त्या वाचत नसत. डॉक्टरनं नाडी बघावी, घरातल्या भानगडी विचारू नयेत, असं त्यांना वाटे.

गेल्या चार-पाच वर्षांत त्यांच्या टेबलावरच्या ढिगाचा रंग पालटला होता. काळी पुस्तकं. काळ्या पुठ्ठ्यावर लाल अक्षरं, धुकं, आणि धुक्यात पाठमोरा उभा असलेला एक मुलगा. आतला नायक बहुतेक मेलेला. मेलेला नसला तर शापित, शापित नसला तर रक्तावर जगणारा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी ती पुस्तकं उशीखाली घालून, दप्तरात कोंबून अशा वाचायच्या की दोन महिन्यांत पानं सुटून यायची.

“आमच्या वेळचा नायक गरीब असायचा,” ग्रंथपालबाई नवा गठ्ठा टेबलावर आदळत म्हणायच्या. “फार तर आजारी. पण निदान जिवंत असायचा हो! हा बघा. हातपाय बर्फासारखे गार, तोंड पांढराफटक, वय वर्षं एकशे बारा. आणि ह्या मरताहेत त्याच्यावर.”

“तो मेलेला, ह्या मरताहेत,” मावशी दोरा ओवता ओवता म्हणायच्या. “जोडा बरा जमलाय की.”

‘बिनसावलीचा’ अशाच एका गठ्ठ्यातून आलं. चारशे बारा पानं, कणा तीन ठिकाणी मोडलेला, पानं पत्त्यांच्या जुडीसारखी सुटी. आत पेन्सिलच्या रेघा होत्या. अख्ख्या ओळीखाली नाहीत, एकेका शब्दापुरत्या; आणि बाजूला मुंगीएवढे आकडे. शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी चार-पाच ओळी खरडल्या होत्या. मधे एक घडी घातलेली चिठ्ठीही निघाली. चिठ्ठी डब्यात गेली. मग मावशींनी मऊ खोडरबर घेतलं आणि पान न पान पुसून काढलं, कोऱ्या पानावरच्या ओळीसुद्धा. दीड दिवस गेला त्यात. जुना गोंद खरवडला, पानं शिवली, नवा कणा चढवला आणि पुस्तक दोन दिवस शिकंज्यात दाबून ठेवलं. बाहेर निघालं तेव्हा ते नव्यासारखं दिसत होतं. आपण केलेल्या कामावरून हात फिरवायची मावशींना सवय नव्हती, पण त्या दिवशी त्यांनी फिरवला.

बाराव्या दिवशी दुपारी एक मुलगी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिथं वाचकांनी यायची पद्धत नव्हती. शाळेचे कपडे, एका खांद्यावरून घसरलेलं दप्तर, हातात ‘बिनसावलीचा’.

“हे तुम्ही शिवलंत?”

“हो बाळ. का गं, सुटलं का पुन्हा?”

“रेघा कुठायत?”

मावशींना आधी कळलंच नाही. मग त्या हसल्या. “पेन्सिलच्या होय? त्या पुसल्या. वाचनालयाच्या पुस्तकावर रेघा मारू नयेत बाळ. पुस्तक सगळ्यांचं असतं.”

“मी नाही मारल्या. माझ्या ताईनं मारल्या होत्या.”

“मग ताईला सांग, पुढच्या वेळी वहीत लिही म्हणावं.”

मुलगी त्यांच्याकडं बघत राहिली. रागानं नाही, समोरच्याला भाषा येत नाही असं कळल्यावर माणूस बघतो, तशी.

“ती नाहीये,” ती म्हणाली. “दहा महिने झाले.”

मावशींच्या हातातली सुई हातातच राहिली. बस म्हणावं की जवळ जावं, हे ठरेपर्यंत मुलगीच बोलायला लागली. एका दमात, जणू ही वाक्यं ती रस्ताभर घोकत आली होती.

“शेवटच्या वेळी दवाखान्यात निघाली ना, तेव्हा दारातून म्हणाली, ‘जाते गं शेपट्या.’ मला शेपूट म्हणायची ती, मी सारखी मागं मागं असायचे म्हणून. तर आई ओरडली, ‘जाते काय? येते म्हणावं.’ ताई हसली. म्हणाली, ‘बरं बाई, येते.’ त्यावरून सुरू झालं. ह्या पुस्तकातला तो आहे ना, तो मेलाय, पण तिला भेटून निघताना दर वेळी ‘येतो’ म्हणतो. ताई दवाखान्यात वाचायची आणि मला दाखवायची, ‘बघ, हा मेलाय तरी येतो म्हणतो. आईनं शिकवलेलं दिसतंय.’ आणि प्रत्येक ‘येतो’खाली रेघ मारायची. नंबर टाकायची. एक्केचाळीस झाले. मग संपले.”

“म्हणजे…”

“म्हणजे तिथवरच वाचलं तिनं. पुढं तिला जमलं नाही. मी पण तिथवरच वाचते. एक्केचाळीसला थांबते आणि परत पहिल्यापासून सुरू करते. सहा वेळा झालं. पुढची पानं मी कधी उघडलीच नाहीत, पान नंबरही बघितला नाही, रेघ होती ना.” तिचा आवाज आता बारीक झाला. “काल वाचत गेले, वाचत गेले, आणि एकदम वाटलं, आपण ताईच्या पुढं आलो.”

मावशी उठल्या. टेबलाला वळसा घालून दारापर्यंत जाईतो मुलीनं पुस्तक कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलं होतं.

“घाण होती का ती?” तिनं विचारलं. उत्तराची वाट तिनं बघितली नाही. “छान शिवलंय. ठेवा आता तुम्हालाच.”

तिची पावलं दालनातून पार निघून गेल्यावर मावशींना तो डबा आठवला.

डबा त्यांनी टेबलावर घेऊन उघडला. सत्तावीस वर्षांचा पसारा. दुसऱ्याची चिठ्ठी उघडायची नाही हा नेम त्या दिवशी मोडला. ती चिठ्ठी वरच होती. वहीचं पान फाडून, शाळेत अर्ज लिहितात तशा अक्षरात लिहिलेली.

‘पुस्तक दुरुस्त करणाऱ्यांस, कृपया पेन्सिलच्या रेघा पुसू नयेत. त्या फार गरजेच्या आहेत. पानं कमी पडली तरी चालतील. आपली नम्र, एक सभासद.’

मावशींनी ती दोनदा वाचली. पानं कमी पडली तरी चालतील. मग त्या चिठ्ठी घेऊन पुढच्या दालनात गेल्या, जे त्या सहसा करत नसत.

“अहो, ती शेपूट!” पुस्तकाचं नाव ऐकताच ग्रंथपालबाई म्हणाल्या. “दोघी बहिणी यायच्या. थोरली सतरा वर्षांची, बोलायला तोफ. आली की आधी शेवटचं पान उघडायची. मी रागवायचे, ‘अगं, आधी शेवट वाचलास तर मजा काय?’ तर म्हणायची, ‘मजा नाही हो, खात्री.’ फार गुणी पोर होती. आई आली होती मधे एकदा. ‘धाकटीला ती काळी पुस्तकं देऊ नका,’ म्हणाली, ‘मेलेल्यांच्या नादी लागलीय ती.’ आता मी काय करू सांगा. वाचकाला नाही कसं म्हणायचं?” मग मावशींचा चेहरा बघून त्या थांबल्या. “काय झालं मावशी?”

“मी पुसलं,” मावशी म्हणाल्या. “सगळं अगदी स्वच्छ पुसलं.”

ग्रंथपालबाई वयानं मावशींपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या आणि बोलण्यात कधी हार जात नसत. त्या दिवशी त्यांनी नुसती खुर्ची पुढं ओढून दिली.

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीपेक्षा लवकर आल्या. पहिला टाका घालायचा तो घातला, आणि ‘बिनसावलीचा’ घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. पेन्सिलचा काळेपणा पुसता येतो. लिहिणाऱ्याच्या हातानं दिलेला दाब मात्र कागदात राहतो. हे त्यांना ठाऊक होतं, पण आजवर त्याचा उपयोग त्यांनी कधी केला नव्हता. मास्तर म्हणायचे, तो दाब जाईल असं काही करू नकोस, कागद मरेल.

समोरून बघितलं तर काहीच दिसेना. ऊन डोक्यावर असताना तर पान कोरंच. पण सकाळी साडेआठच्या सुमाराला ऊन खिडकीतून आडवं यायचं, अगदी टेबलाच्या पातळीवर. तेव्हा पान डोळ्यांच्या उंचीला आडवं धरून थोडं तिरकं केलं की कागदावर शेतातल्या सरीसारखी एक बारीकशी खाच उमटायची. पलीकडच्या काठावर सावली, अलीकडच्या काठावर उजेड. पाव तास दिसायची. ऊन वर चढलं की गेली.

पहिल्या दिवशी त्यांना चार सापडल्या. दुसऱ्या दिवशी ढग होते. तिसऱ्या दिवशी नऊ.

खाच कुठल्या शब्दाखाली आहे हे बघायचं तर शब्द वाचायला हवा. शब्द वाचला की ओळ वाचली जायची. दीपगृह कधीचं बंद पडलेलं, त्यात राहणारा तो शंभर वर्षांपूर्वी बुडालेला मुलगा, त्याला उन्हात सावली पडत नाही; आणि गावातली ती मुलगी, जी त्याला रोज हाक मारते, कारण हाक मारल्याशिवाय त्याला येता येत नाही. मावशींना आधी हसू आलं. मेलेला मुलगा आणि इतकं बोलतो! मग एका सकाळी त्या दोघांचं भांडण लागलं. ती म्हणते, तू मेलास हे मला आधी का सांगितलं नाहीस. तो म्हणतो, तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तुम्ही जिवंत माणसं आम्हाला कधी काही विचारतच नाही. मावशी उभ्याउभ्याच वाचत राहिल्या. ऊन सरलं, खाचा दिसेनाशा झाल्या, तरी त्या वाचत होत्या. भानावर आल्या तेव्हा वाडग्यातली खळ पार थिजून गेली होती. सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदाच.

“काय मावशी,” ग्रंथपालबाई दारातून म्हणाल्या, “लागलात का नादी?”

“लागले खरी,” मावशी म्हणाल्या आणि खळ टाकून द्यायला उठल्या.

मिळालेल्या जागी पेन्सिलनं पुन्हा रेघ मारावी असं त्यांच्या एकदा मनात आलं. पेन्सिल हातात घेतलीही. मग ठेवून दिली. रेघ मारली असती तर ती मावशींची झाली असती. त्याऐवजी त्यांनी पातळ कागदाच्या दोरीएवढ्या पट्ट्या कापल्या, आणि जिथं जिथं खाच सापडली त्या पानात एकेक पट्टी ठेवत गेल्या. सातव्या सकाळी एक्केचाळिसावी खाच सापडली. पान तीनशे अठरा. बाजूचा आकडा फार पुसट होता, चारचं पोट नीट वळलंच नव्हतं. लिहिणारा हात दमला होता, हे त्या खाचेवरूनही कळत होतं.

काम तिथं संपायला हवं होतं. पण मावशींना आठवलं, पुसताना आपण शेवटचं कोरं पानही पुसलं होतं.

आठव्या दिवशी त्यांनी पुस्तक मागून उघडलं. छापलेलं शेवटचं पान, चारशे बारा, त्यावरही एक खाच होती. तिला आकडा नव्हता. रेघ दोनदा ओढलेली, खोल, ठाम हातानं. मावशींनी वरचा शब्द वाचला आणि चष्मा काढून पुसला. मग समोरचं कोरं पान उन्हात धरलं. अक्षरं एका दिवशी लागली नाहीत. त्या ओळी लावायला त्यांना तीन सकाळी लागल्या, आणि लागल्यावर त्यांनी त्या कुठंही उतरवून घेतल्या नाहीत. त्या ज्याच्यासाठी होत्या त्यानंच त्या वाचायच्या होत्या.

“त्या मुलीला निरोप द्याल?” त्यांनी ग्रंथपालबाईंना विचारलं. “शाळेच्या आधी ये म्हणावं. सव्वाआठला.”

शेपूट आली. रुसलेली होती, पण आली. दारातच उभी राहिली.

“बाळ, आधी माझं एक ऐक,” मावशी म्हणाल्या. “तू चिठ्ठी ठेवली होतीस. मला मिळाली होती. मी उघडली नाही. मला वाटलं होतं, न वाचणं म्हणजे सभ्यपणा. चूक माझीच. तू काही बोललीस तरी चालेल मला.”

“बोलायचं होतं,” शेपूट म्हणाली. “आता विसरले.”

मावशींनी तिला खिडकीशी उभं केलं, पान तिच्या डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि हळूच तिरकं केलं.

“आहे!” ती म्हणाली. “नंबरसुद्धा आहे! अय्या, सातला ती मधे दांडी द्यायची, ती पण आहे!” ती पट्टीपट्टीनं पुढं जात राहिली, मधेच हसत, मधेच नाक ओढत. एक्केचाळीसवर येऊन थांबली. बोट त्या जागेवर ठेवलं आणि ठेवूनच दिलं.

मावशींनी तिला थोडा वेळ दिला. मग विचारलं, “एक सांगशील? त्या मेलेल्या पोरात एवढं काय आहे गं? तुझं मी समजू शकते. पण बाकीच्या पोरींचं तर कुणी गेलेलं नाही.”

“त्यांना शंभर वर्षं वाट बघणारा कुणीतरी हवाय,” शेपूट म्हणाली. “आमच्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीपर्यंत थांबत नाहीत.” मावशी हसल्या, तशी तीही हसली, मग तिचं हसू ओसरलं. “आणि माझं… सगळ्यांना वाटतं मला भुतं आवडतात. तसं नाही हो मावशी. ती पुस्तकातली मुलगी मेलेल्या माणसाशी बोलते, भांडते, रुसते, आणि तिला कुणी गप्प बस म्हणत नाही. आमच्या घरात ताईचं नाव काढलं की आई उठते आणि भांडी घासायला लागते. घासलेलीच भांडी. मग बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. मग मी पण गप्प बसते.”

ऊन अजून आडवं होतं. मावशींनी घड्याळाकडं बघितलं.

“अजून एक आहे,” त्या म्हणाल्या. “पण ते एक्केचाळीसच्या पुढं आहे. तुला बघायचं नसेल तर मी पुस्तक मिटते. पुन्हा कधी विषय काढणार नाही.”

शेपटानं एक्केचाळीसवरचं बोट उचललं.

“ताईचं आहे?”

“ताईचं आहे.”

तिनं मान हलवली. मावशींनी शेवटचं कोरं पान उन्हात धरलं आणि स्वतः तोंड दुसरीकडं वळवलं. मुलगी ताईच्या ओळखीच्या वळणावरून अक्षर अक्षर लावत होती, ओठ हलवत, पहिलीतल्या पोरीसारखी. मग ती मोठ्यानं वाचायला लागली.

“‘शेपट्या, मी शेवट आधीच वाचलाय, पहिल्याच दिवशी. तो परत येत नाही. रडू नकोस. पुस्तक तरी चांगलंच आहे. मधली पानं तू वाच, मला जमतील असं वाटत नाही. मग मला…’” ती थांबली. “‘मग मला’ काय? पुढं काय आहे?”

“पुढं नाही काही. मी फार बघितलं. तिथंच संपतं.”

“म्हणजे तिला माहीत होतं! लबाड! मला म्हणायची, बघ हां, येईल तो, येईल. आणि स्वतः आधीच…” शेपटाला हसावं की रडावं कळेना, तिनं दोन्ही केलं. मग तिनं छापलेलं शेवटचं पान स्वतःच उन्हात धरलं. ती दुहेरी खाच तिला सापडली. तो मुलगा दीपगृहाच्या पायऱ्या उतरताना पहिल्यांदा ‘येतो’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘जातो.’

मुलगी सावकाश स्टुलावर बसली.

“मावशी,” ती म्हणाली, “ती दारातून ‘जाते’ म्हणाली होती ना. चुकून नव्हती म्हणाली.”

मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खळीचा हात होता, केसांना लागली असणार. पण त्यांनी तो काढला नाही. देवा, पोरीला बळ दे, एवढंच त्या मनात म्हणाल्या. बाहेर रस्त्यावर शाळेच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते.

“हे आईला दाखवायला हवं,” शेपूट अखेर बोलली. “पण ती विश्वास ठेवणार नाही. पान तर कोरं दिसतं. म्हणेल, तू मनानं रचलंस. म्हणेल, बघा, आता हिला कोऱ्या पानावर अक्षरं दिसायला लागली. आधीच तिला वाटतं माझं डोकं…” तिनं वाक्य सोडून दिलं. “रेघा असत्या तर दाखवता आल्या असत्या.”

ते खरंच होतं. मावशींनी त्यावर पांघरूण घातलं नाही.

“मी दाखवते,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्या घरी येते. मीच पुसलं हे मीच सांगते, आणि कसं बघायचं तेही दाखवते. मग विश्वास ठेवायचा की नाही ते तुझी आई ठरवेल.”

“आई चिडेल तुमच्यावर. तिची जीभ फार…”

“चिडू दे. तिचा हक्क आहे.”

शेपूट उठली, दप्तर खांद्यावर घेतलं. दाराशी वळली.

“येते म्हणालात, पण नुसतं येते म्हणू नका हं,” ती म्हणाली. “वार सांगा.”

मावशींनी विचार केला. “तुमच्याकडं सकाळचं ऊन कुठं येतं?”

“स्वयंपाकघरात. ओट्यावर. आठ ते साडेआठ, मग समोरची इमारत आड येते.”

“रविवारी. पावणेआठला.”

“पक्कं?”

“पक्कं.”

शनिवारी संध्याकाळी मावशी वाचनालयाच्या पुढच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला सभासद करून घ्या.” ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं. सत्तावीस वर्षांत मावशींनी इथलं एक पुस्तक घरी नेलं नव्हतं.

“आणि नेताय काय? तर हे,” त्या कार्डावर शिक्का मारत म्हणाल्या. “गल्लीत दाखवू नका कुणाला. लोक म्हणतील, ह्या वयात!” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “मी येऊ का सोबत?”

“नको. एकीनं पुसलं, एकीनंच जावं.”

“ती बाई काही बोलली तर?”

“ऐकून घेईन.”

रविवारी मावशींना नेहमीपेक्षा आधी जाग आली. खिडकी उघडून त्यांनी आभाळ बघितलं. निरभ्र होतं. अंघोळ केली, रोजची प्रार्थना केली, आणि आज शिवण नव्हतं, तेव्हा मौन कुठं सोडायचं हा प्रश्न पडला. त्यांनी ते त्या घराच्या दारापर्यंत न्यायचं ठरवलं. नखांतली खळ ब्रशनं घासून काढली. स्वच्छ कापडात ‘बिनसावलीचा’ गुंडाळलं, पट्ट्या हलणार नाहीत असं बेतानं, आणि ते पिशवीत सपाट ठेवलं. शेपटानं लिहून दिलेला पत्ता एकदा वाचला: दुसरा मजला, डावीकडचं दार, बेल वाजत नाही, कडी वाजवा.

दाराला कुलूप घालून त्या जिना उतरल्या. रस्ता रिकामा होता. कोपऱ्यावरचा पेपरवाला गठ्ठे सोडत होता, त्यानं मान हलवली, त्यांनीही हलवली. ऊन इमारतींच्या कडांवर नुकतं टेकलं होतं, अजून आडवं. मावशींनी पिशवी छातीशी धरली आणि जरा भरभर चालायला लागल्या.